जांबोटीच्या आधी घराजवळचा बांध

ताई, तुमची अडचण अशी: घर बेळगावात अनगोळला, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. मेच्या सुट्टीत मुद्दाम गाडी काढून दोघांना जांबोटीच्या जंगलाकडे नेलंत. तासाभरात मुलगा ‘आता काय करायचं?’ म्हणत मोबाइल मागायला लागला. मुलीच्या पायावर मुंगळा चढला, तेव्हापासून ती गाडीतून उतरेना. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मला स्वतःला चार झाडांपलीकडे नावं येत नाहीत, मी त्यांना काय दाखवणार?’

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या शाळांमधून मुलांना शिवारात, नाल्यावर, डोंगरावर फिरवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी ते काम सुटलेलं नाही. त्यावरून सांगते. पुढचं वर्षभर जांबोटी, चोर्ला, गोकाक सगळं बाजूला ठेवा. घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांत गाठता येईल अशी एकच जागा धरा आणि दर आठवड्याला तिथेच जा. तुम्हाला तर फार शोधावंही लागणार नाही. एका अंगाला व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, दुसऱ्या अंगाला येळ्ळूरकडे जाणारं शिवार. माझं मत शिवाराला. तिथे दर पंधरा दिवसांनी काहीतरी पालटतं, आणि विचारलं तर सांगणारी माणसंही तिथेच काम करत असतात.

एकाच जागेचा हट्ट का, ते सांगते. मागच्या रविवारी इथे काय होतं हे ज्या मुलाला ठाऊक असतं, त्यालाच या रविवारी काय नवीन झालं ते कळतं. कुतूहल जागं होतं ते या फरकामुळे. जांबोटीच्या रानात बघण्यासारखं भरपूर आहे, पण पहिल्यांदा गेलेल्या मुलाला ते सगळं एकसारखं हिरवं दिसतं. मग ते कंटाळलं तर त्यात त्याचा काय दोष?

आता आपल्या शिवाराचं वर्ष बघा. वळीव पडून गेला की मेअखेर धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याची गडबड सुरू होते. मृगाच्या सरी आल्या की तांबड्या मखमलीचे मृगाचे किडे बांधावर दिसतात, तेही थोडेच दिवस. नाल्याकडे रात्रभर बेडकांचा गलका असतो. जुलैत शेतं तुडुंब होतात, बांधाच्या बिळांतून खेकडे डोकावतात, ओल्या चिखलात बगळ्यांची पावलं उमटलेली असतात. श्रावणात तेरडा फुलतो आणि उन्हाची तिरीप आली की चतुरांचे थवे खाली-वर करतात. पुढे भात फुलोऱ्यावर येतं. शेत बासमतीचं असेल तर वास बांधावरच नाकात शिरतो, मुलाला डोळे मिटून शेत ओळखायला सांगा. कापणी-मळणी झाली की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. थंडीत सकाळी लवकर गेलात तर कोळ्यांची जाळी दवाने पांढरी झालेली दिसतील. उन्हात तीच जाळी मुलांना सापडतसुद्धा नाहीत. पुढे पळस आणि काटेसावर फुलतात, आणि त्या फुलांवर सकाळी मैना, बुलबुल, कोतवाल यांची नुसती झुंबड उडते. एवढं सगळं एकाच बांधावरून दिसतं.

वेळ मात्र भरपूर ठेवा. अर्ध्या तासाच्या फेरीत काहीच होत नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मुलं कुरकुरतात, तहान लागली म्हणतात, घरी कधी जायचं विचारतात. ते होऊ द्या. त्यांना गुंतवायला धावू नका. मोठ्यांची घाई इथेच आड येते. मूल एका दगडापाशी बसलं की आपण म्हणतो, ‘चल, पुढे अजून छान आहे.’ पुढे काही नसतं, जे असतं ते त्या दगडाखालीच असतं. दोन तासांत दोनशे पावलं चाललात तरी चालेल. मोबाइल घरी ठेवायचा, आणि तुमचाही. फोटो काढण्यापुरता म्हणून खिशात ठेवलेला फोन सगळ्यात आधी तुमचंच लक्ष घेऊन जातो. त्याऐवजी मुलांच्या हातात द्यायला एक भिंग, झाकणाचा पारदर्शक डबा, हातभर सुतळी आणि एक वही पुरे. कपडे जुने घाला. चिखल लागेल तो धुवून जातो. ‘हात घाण करू नकोस’ हे वाक्य त्या दोन तासांपुरतं सोडून द्या.

नावांची काळजी तर अजिबात नको. ‘हे काय आहे?’ असं मुलाने विचारलं आणि तुम्ही ‘दयाळ’ म्हणून मोकळ्या झालात की बोलणं तिथेच संपतं. ‘शेपटी सारखी वर का करतोय बरं?’ असं विचारलंत तर मूल आणखी दहा मिनिटं बघत राहतं. नाव कळत नसेल तर मुलांनाच तात्पुरतं ठेवू द्या. माझ्याकडच्या एका पोराने टिटवीला ‘ओरडी मावशी’ म्हटलं होतं. पुढे त्याला खरं नाव कळलंच, पण ओळख आधी झाली होती. आणि खरी माहिती हवी असेल तेव्हा बांधावरच्या माणसांना विचारा. खुरपत असलेल्या आज्जीला ‘हे कसलं गवत?’ म्हणून विचारलं तर ती नाव सांगेल, जनावर खातं की नाही ते सांगेल, त्याची भाजी कशी करायची तेही सांगेल. कुर्डू आणि टाकळ्याची कोवळी पानं तिच्याकडूनच ओळखून घ्या, घरी भाजी करा. स्वतः खुडलेली भाजी मुलं ताटात टाकत नाहीत, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

एक-दोन गोष्टी जवळून सांगते, म्हणजे ‘दाखवायचं काय’ हा प्रश्न राहणार नाही.

शिवारातल्या एखाद्या देवळाच्या वळचणीला किंवा गोठ्याच्या कडेला, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही अशी कोरडी भुसभुशीत माती शोधा. उन्हाळ्यात तिथे रुपयाएवढे, नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. हे अँटलायन नावाच्या किड्याच्या अळीचं काम. अळी उलटी चालते, मागे मागे गोल फिरत माती डोक्याने बाहेर उडवते आणि खड्डा करते. मग तळाशी मातीत दडून बसते, बाहेर राहतात ते फक्त दोन जबडे. खड्ड्याचा उतार असा की मातीचा कण जेमतेम टिकावा. मुंगीचा पाय पडला की माती ढासळते. मुंगी वर चढायला लागली तर अळी खालून माती फेकून तिला पुन्हा तळाशी आणते. मुलाला गवताच्या काडीने खड्ड्याच्या काठाला हलकेच टोकरायला सांगा. तळातून माती उडाली की तो दचकेल आणि मग तिथून उठणार नाही. मोठा मुलगा असेल तर पुढचं विचारा: सगळे खड्डे कोरड्याच जागी का? ओल्या मातीत असा उतार उभा राहील का? घरी वाळू ओतून बघू दे. या अळीचा पुढे चतुरासारखा नाजूक, पंखवाला किडा होतो, हे सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट सुगरणीची. पावसाळ्यात उसाच्या आणि भाताच्या शेतांजवळ, विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला किंवा नारळाच्या झावळ्यांना घरटी लटकलेली असतात. लांब उभं राहून बघायचं, विहिरीच्या काठाला जायचं नाही. घरटं विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा. उसाच्या किंवा भाताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो आणि उडताना लांब पट्टी फाडून नेतो. हे एकदा दिसलं की मुलं पुन्हा पुन्हा तेच बघतात. घरटं अर्धं, टोपीसारखं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर पुढचं काम होतं, नाहीतर ते तसंच लोंबत राहतं. म्हणून एकाच झाडावर पुरी आणि अर्धवट अशी दोन्ही घरटी दिसतात. मुलांना ती मोजू द्या, पुढच्या रविवारी पुन्हा मोजू द्या. हंगाम संपल्यावर वाऱ्याने पडलेलं एखादं घरटं मिळालं तर घरी आणून सावकाश उलगडा. आत ओल्या मातीचे थापलेले गोळे सापडतील. ते का थापतात, यावर घरात वाद होऊ द्या.

मुलीच्या भीतीचं सांगते. पाच वर्षांच्या पोरीला मुंगळ्याची भीती वाटणं रास्त आहे, तो चावतो. ‘काही नाही होत’ म्हणून हातावर किडा ठेवू नका, त्याने भीती पक्की होते. तिला तुमच्या मांडीवर बसून लांबून बघू द्या. डब्यात घेतलेली गोगलगाय चांगली सुरुवात आहे. सावकाश चालते, चावत नाही, शिंगं आत-बाहेर करते आणि डब्याच्या काचेवरून खालचं पाऊल कसं सरकतं तेही दिसतं. बघून झालं की जिथून उचलली तिथेच ठेवायची, हे काम तिच्याकडे द्या. आणि ताई, किडा दिसल्यावर तुमचा चेहरा कसा होतो तेही बघा. मूल किड्याकडे बघण्याआधी आईच्या तोंडाकडे बघतं.

आता जपायचं काय. यात मी थोडी कडक आहे.

आपल्या शिवारात नाग, घोणस, मण्यार आहेत. घोणस भाताच्या गंजीखाली, गवतात असते. म्हणून पायात बंद बूट, हातात काठी, पुढे मोठं माणूस, आणि डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. दगड उलटायचा तर आपल्याकडच्या बाजूने नाही, पलीकडची कड काठीने उचलायची, म्हणजे खाली काही असेल तर ते आपल्यापासून दूर निघून जातं. साप दिसला तर थांबायचं, मागे सरायचं, बघायचं. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं काही करू नका. हातातलं कडं-अंगठी काढा, तो हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिसर्पविष तिथे मिळतं. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत येत नाही.

एप्रिल-मेमधले वळीव दुपारनंतर येतात. वीज चमकली की मुलांना मोजायला शिकवा. गडगडाट तिसाच्या आत ऐकू आला तर खेळ थांबवून पक्क्या घरात जायचं. उघड्या शेतात एकट्या झाडाखाली कधीही उभं राहायचं नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो. काँग्रेस गवत अंगाला लागू देऊ नका. खाजकुयलीच्या केसाळ शेंगा, धोत्रा, कण्हेर, गुंजांच्या बिया ही ओळख पहिल्या महिन्यातच करून द्या. अळंबी जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय खुडायची नाही. मुलांना हे नियम जाचत नाहीत. कारण सांगितलं की ती दुसऱ्यांना अडवायला लागतात.

पश्चिमेकडच्या रानात जाल तेव्हा गोचिडांचं भान ठेवा. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गोव्याच्या सत्तरीपर्यंत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचलेला आहे. तो गोचिडांमुळे पसरतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ. अंगभर कपडे घाला, पालापाचोळ्यात बसू नका, घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे धुणं लगेच. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

बिबट्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बेळगावचे पालक हटकून विचारतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. सकाळी उजेडात, माणसांची ये-जा असलेल्या शिवारात, मुलांना हाकेच्या टप्प्यात ठेवून फिरलात तर घाबरायचं कारण नाही. तिन्हीसांजेनंतर थांबू नका, एवढं पाळा.

सणांचा फायदा घ्या. गणपतीची पत्री बाजारातून जुडी आणण्याऐवजी मुलांबरोबर शोधा: दुर्वा, आघाडा, बेल, शमी. आघाड्याच्या तुऱ्यावरून बोट वरून खाली आणि खालून वर फिरवायला सांगा. त्याचं बी कपड्याला का चिकटतं ते बोटालाच समजतं. गौरीला तेरडा लागतो, तो ओढ्याकाठून मुलांनी आणावा. तेरड्याची पिकलेली बोंडं बोटात धरल्यावर फट्‌कन फुटतात, पोरं दुसरं काही करतच नाहीत मग. आणि दिवाळीचा किल्ला! आपल्या गल्लीगल्लीत किल्ले होतात, ही या भागातल्या मुलांची केवढी श्रीमंती आहे. आयता प्लॅस्टरचा किल्ला आणू नका. माती, दगड, शेवाळ मुलांनी आणलं की कुठली माती चिकट, कुठली मुरमाड हे त्यांना कळतं. किल्ल्याच्या उतारांवर मोहरी, हळीव पेरा आणि आधी कुठे उगवतंय ते वहीत लिहा. तांब्याभर पाणी माथ्यावरून ओतून ते कुठून वाहत जातं ते बघा. मग येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा आणि तटावरून तेच खऱ्या डोंगरावर शोधा. तुमचं रविवारचं शिवारही तिथून खाली दिसेल. मुलांना ते बोटाने दाखवू द्या.

इतकं झाल्यावर लांबची ठिकाणं. वर्षभर घराजवळ डोळा बसला की मग कणकुंबीला न्या. मलप्रभा तिथे उगम पावते, पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच डोंगररांगेत, भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. नऊ वर्षांच्या मुलाला नकाशा दाखवून हे सांगा. शेजारच्या दोन डोंगरांवर पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जातो, ही गोष्ट तो गल्लीत सगळ्यांना सांगत सुटेल. थंडीत घटप्रभेच्या पक्षी अभयारण्यात, धुपदाळच्या पाण्यावर करकोचे आणि बाहेरून आलेले इतर पाणपक्षी दिसतात. तिथे सकाळी लवकर पोचलं पाहिजे आणि दुर्बीण हवी. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं. तिथल्या बारापेडे गुहांतल्या एका दुर्मीळ वटवाघळाची जगात पहिल्यांदा शास्त्रीय नोंद 1913 साली झाली, हे मुलांना जरूर सांगा. पण त्या गुहांत मुलांना नेऊ नका. वटवाघळांनाही त्रास आणि मुलांनाही धोका. जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते. हत्ती, गवे, अस्वलं असलेलं ते रान आहे. काजवे मात्र रोहिणी-मृगाच्या सुमारास खानापूरच्या पश्चिमेला एखाद्या ओळखीच्या गावात मुक्काम करून अंगणातूनच बघता येतात. टॉर्च आणि अंगणातला दिवा बंद ठेवायचा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायचं.

धबधब्यांबद्दल माझं मत ठाम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलांना घेऊन वज्रपोह्याला किंवा गोकाकला पाण्याजवळ जाऊ नये. खडक शेवाळलेले असतात, वर डोंगरात पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं, आणि गर्दीत मूल काही बघतही नाही. पाऊस ओसरल्यावर जा आणि लांबून बघा.

‘अभ्यासाचा वेळ जातो’ असं घरचे म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंय. त्यांना एक गोष्ट सांगा. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं. नेहमीच्या वेळापत्रकाच्या मुलांत 39.5 टक्के मुलांना नव्याने लांबचं कमी दिसू लागलं, बाहेर राहिलेल्यांत 30.4 टक्के मुलांना. 2015 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उजेडात राहण्याने डोळ्यांना फायदा होतो, हे त्यानंतर डॉक्टरही सांगायला लागलेत. आणि अभ्यासाचंच बोलायचं तर मोजणं, तुलना करणं, नोंद ठेवणं, नेमकं वर्णन करणं हा अभ्यासच आहे. वहीत मात्र शुद्धलेखन तपासू नका. चित्र काढलं तर चित्र, एक ओळ लिहिली तर एक ओळ. मुलगी नुसतं पान चिकटवेल, तेही चालेल. तारीख तेवढी रोज घालायला लावा.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. येत्या रविवारी सकाळी सातला निघा. पाऊस लागला असेल, छत्र्या आणि टॉवेल घ्या, नाश्ता डब्यात. पहिल्या दिवशी काहीही दाखवू नका. दोघांना बांधावरची आपापली हातभर जागा निवडू द्या, सुतळी टाकून चौकोन करू द्या, आणि त्यात काय काय आहे ते सांगायला लावा. चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार दगड ठेवून या, म्हणजे पुढच्या रविवारी जागा सापडेल. शेतमालकाला आधी विचारा, पेरलेल्या रानात पाय पडणार नाही याची खात्री द्या. आपल्याकडचे शेतकरी मुलांना कधी नाही म्हणत नाहीत. मुलगी दमेल, तिला तासाभरातच भूक लागेल, तेव्हा तिथेच बसून खा. मुलाने तीन रविवार कुरकुर केली तरी चौथ्याला जा. तोवर भात वीतभर आलेलं असेल आणि त्याच्या चौकोनात काहीतरी नवं उगवलेलं असेल.